कॉलमच्या सळ्यांचा जोड नेमका कुठे घ्यायचा?

मोरणाकाठ

नमस्कार मंडळी. पाटण तालुक्यात गावाकडचं जुनं कौलारू घर उतरवून त्याच जागी आरसीसीचं घर बांधतोय. आत्ता तळमजला, पुढे वर एक मजला. फुटिंगचे (पायाचे) खड्डे झालेत, जाळ्या बांधून तयार आहेत आणि या आठवड्यात कॉलमच्या सळ्या कापायला घेणार आहेत. काम तिथेच अडलंय.

आरसीसी कन्सल्टंटच्या ड्रॉइंगमध्ये कॉलमच्या सळ्यांचा लॅप, म्हणजे दोन सळ्या ठरावीक लांबीत शेजारी-शेजारी ठेवून केलेला जोड, प्रत्येक मजल्याच्या मधल्या भागात दाखवलाय. आमचे ठेकेदार म्हणतात, "प्लिंथच्या (जोत्याच्या) आणि स्लॅबच्या लगेच वर जोड घ्यायचा. दोन फूट सळई वर सोडायची, पुढची सळई तिला लावायची आणि तार आवळायची. सगळा तालुका असाच उभा आहे." माणूस चोख आहे, गावात त्यांनी बरीच घरं बांधलीत, त्यामुळे त्यांना दुखवावंसं वाटत नाही. त्यात चुलत्यांचं म्हणणं, लॅपच नको, सरळ वेल्डिंग मारून घ्या, लोखंडाला लोखंड चिकटलं की विषय संपला.

सळ्या १६ मिमीच्या, एफई ५००डी दर्जाच्या. काँक्रीट एम२५ दर्जाचं, कॉलम ३०० बाय ३८० मिमी. मजल्याची उंची स्लॅब ते स्लॅब ३ मीटर. आमचा भाग कोयनेचा. ११ डिसेंबर १९६७ ला आजोबांचं राहतं घर पडलं होतं, त्यामुळे घरात हा विषय निघाला की सगळेच गंभीर होतात. जोडाच्या जागेने खरंच फरक पडतो का? दोन फूट पुरतात का? आणि वेल्डिंगचं काय?

घाटमाथा

ड्रॉइंगप्रमाणे करा. फी त्या कागदाचीच दिली आहे ना?

शेवंता

वाचतेय. आमचंही बांधकाम दिवाळीनंतर सुरू होणार आहे.

ऋतुजा_आरसीसी

मी स्ट्रक्चरल डिझाइन करते, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी तारेबद्दल. बांधायची तार जोडाची ताकद एक ग्रॅमनेही वाढवत नाही. काँक्रीट पडेपर्यंत सळ्या जागेवर राहाव्यात एवढंच तिचं काम. लॅपमध्ये एका सळईतला ताण दुसरीत जातो तो मधल्या काँक्रीटमधून. सळईवरच्या तिरक्या धारा काँक्रीटला ढकलतात, ते काँक्रीट शेजारच्या सळईच्या धारांना ढकलतं. दोन कंगवे दातांत दात अडकवून ओढले तर जसे सुटत नाहीत, तसंच. म्हणूनच लांबी लागते. जितकी लांबी जास्त तितक्या जास्त धारा कामाला येतात.

हे ढकलणं तिरकं असल्यामुळे काँक्रीट बाहेरच्या बाजूला फाकू पाहतं. जोड निकामी होतो तेव्हा सळई सहसा तुटत नाही. सळईच्या रेषेत उभी भेग जाते, वरचं कव्हर, म्हणजे सळईबाहेरचा काँक्रीटचा थर, सुटतो आणि सळई सरकते. ते फाकणं अडवणाऱ्या असतात उभ्या सळ्यांभोवती बांधलेल्या रिंगा. थोडक्यात लॅप म्हणजे सळई, काँक्रीट आणि रिंगा या तिघांचं मिळून काम आहे. यातलं एक जरी कच्चं राहिलं तरी जोड कच्चा.

आता लांबी. आयएस ४५६:२००० (काँक्रीट बांधकामाचा भारतीय कोड, म्हणजे मानक) प्रमाणे एफई ५०० आणि एम२५ साठी ताणातली लांबी सळईच्या व्यासाच्या साधारण ४९ पट येते. १६ मिमीला ७८५ मिमी, म्हणजे दोन फूट सात इंच. एम२० असतं तर ५७ पट, ९१० मिमीच्या आसपास. दोन फूट म्हणजे ६१० मिमी. तुमच्या ठेकेदारांचा जोड सात इंच आखूड पडतो. ती सवय बहुधा जुन्या हिशेबातून आलेली असते. कॉलम दाबात आहे असं धरलं तर ३९ पटींत भागतं, आणि १६ मिमीला ते बरोबर दोन फुटांच्या आसपास येतं. पण भूकंपात कॉलम दोन्ही बाजूंना वाकतो आणि त्याच सळ्या आळीपाळीने ताणात जातात. म्हणून आयएस १३९२०, म्हणजे भूकंपाचा विचार करून केलेला आरसीसीचा कोड, कॉलमच्या जोडालाही ताणातलीच लांबी मागतं.

जागेचं कारणही हेच. इमारत आडवी हलते तेव्हा कॉलमचं वाकणं सर्वात जास्त असतं बुंध्याशी आणि डोक्याशी, म्हणजे स्लॅबच्या लगेच वर आणि बीमच्या लगेच खाली. मध्यावर ते जवळजवळ शून्यावर येतं. तुमचे ठेकेदार जोड घेतायत तो नेमका सर्वात जास्त वाकणाऱ्या ठिकाणी. आयएस १३९२०:२०१६ म्हणतं, लॅप कॉलमच्या मोकळ्या उंचीच्या मधल्या अर्ध्या भागातच घ्यावा आणि जोडाच्या पूर्ण लांबीत रिंगांमधलं अंतर १०० मिमीपेक्षा जास्त नसावं. बीम ४५० मिमी धरला तर तुमची मोकळी उंची २.५५ मीटर. मधला अर्धा भाग म्हणजे प्लिंथपासून साधारण ६४० मिमी ते १९१० मिमी. तुमचा ७८५ चा लॅप त्यात आरामात बसतो.

वेल्डिंगचं नंतर लिहिते, मुलीला शाळेतून आणायचंय.

वीटभट्टी

ताई, कागदावर सगळं बरोबर. मी स्वतः ठेके घेतो, वीसेक वर्षं झाली. स्लॅबच्या लगेच वर दोन-अडीच फुटांचा जोड घेतलेली माझी एकही इमारत पडलेली नाही. मधे जोड घ्यायचा म्हणजे स्लॅबच्या वर पावणेदोन मीटर सळ्या उभ्या राहणार. वाऱ्याने हलतात, स्लॅब भरताना माणसं त्यांनाच धरून चालतात, ओळंबा बिघडतो. पुढच्या मजल्याची सळई लावायला फिटरला घोडी लागते. लोखंडही जास्त जातं. हे कोण बघणार?

दादासाहेब_निवृत्त

वीटभट्टीसाहेब, तुमच्या इमारती पडल्या नाहीत याचा मला आनंद आहे. पण त्यांची परीक्षाही झालेली नाही. नुसतं वजन पेलताना कॉलमच्या सळ्या बहुतेक दाबातच असतात आणि आखूड जोडही खपून जातो.

सरकारी बांधकाम खात्यातली माझी नोकरी संपत आली असताना २६ जानेवारी २००१ चा भूजचा भूकंप झाला. अहमदाबाद केंद्रापासून दोनशे किलोमीटरच्याही पलीकडे, तरी तिथे बहुमजली इमारती कोसळल्या. खाली पार्किंगसाठी मोकळा तळमजला, वर भिंतींचं ओझं आणि सगळं वाकणं त्या खालच्या कॉलमवर. नंतर जे अहवाल आले त्यांतल्या फोटोंत तीच तीच चूक दिसते. रिंगा विरळ, रिंगांचे हुक ९० अंशांत मोडलेले आणि उघडलेले, आणि लॅप स्लॅबच्या लगेच वर. आयआयटी कानपूर आणि बीएमटीपीसी या केंद्र सरकारच्या बांधकाम साहित्याविषयीच्या संस्थेने भूकंपाविषयी सोप्या भाषेत जी पत्रकं काढली त्यांतही कॉलमचा जोड मधेच दाखवलाय, चित्रासकट. ठेकेदाराला नियम वाचून दाखवण्यापेक्षा ते चित्र दाखवा, जास्त उपयोग होतो.

मोरणाकाठ, आयएस १८९३:२०१६ च्या नकाशात तुमचा कोयना-पाटणचा पट्टा भूकंपक्षेत्र ४ मध्ये धरलेला होता. पुणे-मुंबई ३ मध्ये. तुमच्याकडे हा प्रश्न 'बघू पुढे' म्हणून सोडण्यासारखा नाही.

मोरणाकाठ

धन्यवाद दादासाहेब, ऋतुजाताई. वीटभट्टी, तुमचे मुद्दे अगदी आमच्या ठेकेदारांचे आहेत, म्हणून त्यांची उत्तरं मला हवीच आहेत.

भिंगरी

आमच्याकडचं माप 'कमरेइतकी सळई सोड' असं होतं. उंच फिटर आला की लॅप आपोआप कोडात बसायचा :)

फिटरचा_पोरगा

वडील आयुष्यभर लोखंड बांधायचं काम करत होते, सुट्टीत मी हाताखाली असायचो. आता मी साइट सुपरवायझर आहे. वीटभट्टीदादांच्या मुद्द्यांना उत्तर देतो.

लोखंड जास्त जात नाही. हिशेब करून बघा. मजला ३ मीटर, लॅप ७८५ मिमी, म्हणजे प्रत्येक मजल्याला एक सळई ३.७८५ मीटरची. जोड खाली घ्या नाहीतर मधे घ्या, लांबी तीच. बारा मीटरच्या सळईतून तीन तुकडे निघतात, ११.३५ मीटर जातात आणि वरचा दोन फुटांचा तुकडा रिंग नाहीतर चेअर करायला कामी येतो. फरक पडतो तो फक्त पहिल्या उचलीत. फुटिंगमधून निघणारी सळई तेवढी लांब कापायची. मोरणाकाठ, तुमचं फुटिंग अजून भरलेलं नाही म्हणजे तुम्ही योग्य वेळी विचारलंत. एकदा सळई आखूड कापली गेली की मग सगळेच हताश होतात.

सळ्या हलतात हे खरं आहे. त्यावर उपाय सोपा. स्लॅबच्या वर दीड फुटावर एक आणि टोकाशी एक अशा दोन रिंगा आधीच बांधायच्या, आणि चारही कोपऱ्यांना सेंटरिंगच्या बल्लीचा तात्पुरता तिरका टेका द्यायचा. स्लॅब भरून झाल्यावर माल ओला असतानाच ओळंबा लावून बघायचा, दुसऱ्या दिवशी बघून काही होत नाही. टोकांना प्लास्टिकच्या टोप्या घाला. टोप्या नसतील तर पाण्याच्या बाटल्यांचे बुंधे उलटे घाला, पण घालाच. छातीच्या उंचीवर उघडी सळई फार वाईट.

आणि एक. जोडाशी खालची सळई आत घ्यायची तर हळू उतार द्या, ६ ला १ पेक्षा तीव्र नको. आमच्याकडे काही फिटर पाइप घालून जागच्या जागी कोपर मोडतात. तो कोपर ताणात आला की सरळ व्हायला बघतो आणि बाहेरचं कव्हर फोडतो.

वीटभट्टी

पहिल्या उचलीचा मुद्दा पटला. घोडी लागतेच, पण ती काय, मिळते.

कोकणकडा

अवांतर: दुकानदार ५०० आणि ५००डी मध्ये 'काही फरक नाही' म्हणतो. आहे का?

ऋतुजा_आरसीसी

आहे. सळ्यांच्या आयएस १७८६ या मानकात एफई ५०० ला तुटण्याआधी किमान १२ टक्के लांबणं लागतं, ५००डी ला १६ टक्के. भूकंपात सळईने न तुटता ताणलं जावं हीच अपेक्षा असते, म्हणून डी घ्या. बंडलाबरोबर टेस्ट सर्टिफिकेट मागा आणि सळईवर कंपनीच्या नावापुढे काय कोरलंय ते स्वतः वाचा.

आता वेल्डिंग. मोरणाकाठ, चुलत्यांना सांगा की आजची टीएमटी सळई लाल असताना पाण्याच्या फवाऱ्याने बाहेरून झटकन थंड केलेली असते. बाहेर कडक कवच आणि आत मऊ गाभा, ताकद या दोन थरांतून येते. साइटवरचा वेल्डर त्यावर रॉड चालवतो तेव्हा कडक कवचाची तेवढ्या जागी वाट लागते, किंवा रसायन जुळलं नाही तर ती जागा ठिसूळ होते. वेल्डिंग कोडात बसत नाही असं नाही. पण सळईतलं कार्बनचं प्रमाण माहीत हवं, रॉड योग्य हवा, वेल्डर तपासलेला हवा आणि नमुने ओढून बघितलेले हवेत. एवढं करूनही आयएस ४५६ ताणातल्या वेल्डला साधारणपणे सळईच्या ८० टक्के ताकदच धरू देतं. गावाकडच्या घराला हा उपद्व्याप कशाला? १६ मिमीला नीट केलेला लॅप सर्वात भरवशाचा.

रिंगा जागेवर राहाव्यात म्हणून वेल्डिंगचा ठिपका मारतात तोही नको. तिथे तारच बरी.

तोक्योतला_सांगलीकर

वेल्डिंगवरून आठवलं. इथे जपानमध्ये लॅपऐवजी दोन सळ्यांची टोकं समोरासमोर धरतात, गॅसच्या ज्योतीने तापवतात आणि यंत्राने दाबून एकजीव करतात. मधे रॉड वगैरे काही नाही. जोडावर गाठीसारखा फुगवटा येतो, तो सळईच्या व्यासाच्या १.४ पट तरी भरला पाहिजे. मग अल्ट्रासोनिक तपासणी. परवाना असलेला कारागीरच हे काम करतो. पहिल्यांदा साइटवर बघितलं तेव्हा रिंगांमधून एवढी मोकळी जागा दिसली की मला काहीतरी राहिलंय असंच वाटलं. आपल्याकडे लॅपच्या जागी सळ्यांची गर्दी बघायची सवय ना.

पुलावरचा_इंजिनीयर

गर्दीचा मुद्दा महत्त्वाचा आहे. आयएस ४५६ कॉलममध्ये जास्तीत जास्त ६ टक्के लोखंड चालवतं, पण लॅप असेल तर शक्यतो ४ च्या वर जाऊ नका म्हणतं. जोडाच्या जागी लोखंड दुप्पट होतं हे त्याचं कारण. खडी त्यातून उतरत नाही, व्हायब्रेटरची सुई जात नाही, शटर काढलं की पोकळ्या. आणि ऋतुजाताईंनी सांगितलंय तसं तिथलं काँक्रीट हाच खरा जोड.

आमच्याकडे ३२ मिमीच्या सळ्या असतात, तिथे लॅप करतच नाही, कपलर वापरतो. सळईच्या टोकाला आटे पाडायचे आणि आतून आटे असलेली नळी दोन्ही टोकांवर आवळायची. ३२ मिमीचा लॅप ४९ पटींनी दीड मीटरच्या वर जातो. वजन ६.३ किलो मीटरला, म्हणजे एका जोडात जवळजवळ १० किलो लोखंड वाचतं. फार जाड सळईला तर कोडच साधा लॅप करू देत नाही. कपलरचं मानक आयएस १६१७२, त्यात ओढून बघणं, सरकणं, पुन्हापुन्हा ताण-दाब देणं अशा चाचण्या आहेत.

दुखणी त्यालाही आहेत. टोक करवतीने काटकोनात कापलेलं हवं, शिअर मशीनने दाबून कापलं की टोक चपटं होतं आणि आटे अर्धे पडतात. आट्यांवर प्लास्टिकची टोपी नसली तर सिमेंटचं पाणी आणि गंज. अर्धाच फिरवलेला कपलर बाहेरून पूर्ण दिसतो, म्हणून सळईवर आधी रंगाची खूण करायची आणि टॉर्क पान्याने आवळून बघायचं. २० मिमीच्या खाली याचा खर्च सहसा परवडत नाही.

शेवंता

माझा बाळबोध प्रश्न. जोडातल्या दोन सळ्या एकमेकींना चिकटलेल्याच हव्यात का? आमच्या शेजारच्या साइटवर दोघींत बोटभर फट होती.

ऋतुजा_आरसीसी

बाळबोध नाही, छान प्रश्न आहे. चिकटलेल्या असल्याच पाहिजेत असं नाही. बोटभर फटीत माल उलट चांगला शिरतो. आपण चिकटवून बांधतो ते जागेवर पक्क्या राहाव्यात म्हणून. पण फट हातभर झाली तर तिला जोड म्हणता येणार नाही.

दादासाहेब_निवृत्त

कव्हरचंही सांगा ताई. लोक तिथे विटेचे तुकडे लावतात.

ऋतुजा_आरसीसी

हो, बरं झालं आठवण केलीत. कोपऱ्यातल्या सळईवरचं कव्हर व्यासाच्या दुपटीपेक्षा कमी झालं, म्हणजे १६ मिमीला ३२ मिमीच्या खाली गेलं, तर आयएस ४५६ ताणातल्या जोडाची लांबी १.४ पट करायला सांगतं. ७८५ चे ११०० मिमी झाले. कॉलमला ४० मिमीचे कव्हर ब्लॉक रिंगेवर बांधले तर मुख्य सळईवर ४८ मिळतात आणि हा प्रश्नच येत नाही. पिंजरा एका बाजूला कलला की मात्र एका बाजूला साठ आणि दुसऱ्या बाजूला वीस. ब्लॉक चारही बाजूंना लावा, जोडाच्या खाली आणि वर.

वीटभट्टी

ताई, मग आता एक खरी अडचण सांगतो, बघा उत्तर आहे का. कोड म्हणतं एका जागी निम्म्याच सळ्यांना जोड द्या. निम्मे जोड खाली, निम्मे वर, आणि दोन जोडांच्या मध्यांत लॅपच्या १.३ पट अंतर. म्हणजे ७८५ ला १०२० मिमी. दोन्ही जोड धरून १.८ मीटर होतात. तुमचा मधला अर्धा भाग आहे १.२७ मीटरचा. कसं बसवायचं?

फिटरचा_पोरगा

वा दादा, हा प्रश्न मी साइटवर कितीदा विचारलाय!

ऋतुजा_आरसीसी

अगदी नेमकं पकडलंत. तीन मीटरच्या मजल्यात ते बसत नाही, हे खरं आहे.

नियमाला धरून मार्ग हा की निम्म्या सळ्यांना या मजल्यावर जोड द्यायचा आणि उरलेल्या निम्म्यांना वरच्या मजल्यावर. प्रत्येक सळई दोन मजल्यांची, ६ मीटर अधिक लॅप. बारा मीटरच्या सळईतून मग एकच निघते, उरलेल्या पाच मीटरमधून एक मजल्याचा तुकडा काढावा लागतो. आणि उंच सळ्यांना नीट आधार द्यावा लागतो. मोठ्या इमारतींत हे करतात.

मोरणाकाठ यांच्यासारख्या दोन मजल्यांच्या घराला बरेच डिझायनर सगळ्या सळ्या मधल्या भागात एकाच पातळीवर जोडू देतात, पण मग लॅपची लांबी वाढवतात आणि रिंगा दाट करतात. निम्म्यापेक्षा जास्त सळ्या एका जागी जोडायच्या तर लांबी वाढवा, जवळजवळ रिंगा द्या, ही सूचना आयएस ४५६ मध्ये आहे. पण १३९२० निम्म्यांवरच थांबतं. त्यामुळे क्षेत्र ४ मध्ये ही सवलत घ्यायची की नाही ते तुमच्या कन्सल्टंटने ठरवून ड्रॉइंगवर लिहून द्यावं. ठेकेदाराने साइटवर ठरवू नये, आणि मीही इथून ठरवणार नाही.

वीटभट्टी

हे उत्तर आवडलं. माझ्या पुढच्या कामात कन्सल्टंटला हेच विचारतो.

घाटमाथा

बीमचं कुणी बोललंच नाही.

पुलावरचा_इंजिनीयर

बीममध्ये वरच्या सळ्यांचा जोड स्पॅनच्या, म्हणजे दोन आधारांमधल्या अंतराच्या, मधल्या भागात, कारण वरचा ताण आधाराशी असतो. खालच्या सळ्यांना मध्यावर जोड नको. पूर्वी खालचा जोड थेट आधाराजवळ घ्यायचे, पण भूकंपात आधाराशी खालची सळईही ताणात येते. म्हणून कॉलमच्या तोंडापासून बीमच्या खोलीच्या दुप्पट अंतर सोडायचं, ४५० च्या बीमला ९०० मिमी. कॉलम-बीम जिथे मिळतात त्या गाठीत तर जोड बिलकुल नाही. जोडाच्या लांबीत रिंगा १५० मिमीवर.

चार मीटरच्या स्पॅनला एवढं सगळं सोडून खालच्या जोडाला जागाच उरत नाही. म्हणून घराच्या बीममध्ये खालच्या सळईला जोडच येऊ न देणं उत्तम. घर अकरा मीटरच्या आत असेल तर एक सळई या टोकापासून त्या टोकापर्यंत जाते.

मोरणाकाठ

आमचं घर साडेदहा मीटर लांब आहे, म्हणजे जमेल. अडचण एवढीच की आमच्या रस्त्याला वळणं फार, गाडी सळ्या मधून दुमडून आणते.

फिटरचा_पोरगा

दुमडलेली सळई बीमला सरळ करून वापरायचा मोह टाळा. जिथे दुमडली तो भाग एकदा वाकून पुन्हा सरळ झालेला असतो. गॅसने तापवून सरळ करणं तर नकोच. बीमपुरत्या पंधरा-वीस सळ्या सरळ मागवा, छोट्या गाडीवर पुढे-मागे लाल फडकं बांधून सकाळी लवकर आणतात. दुमडलेल्या सळ्या कॉलमला वापरा, तिथे ३.८ मीटरचे तुकडेच हवेत. दुमडीचा भाग उरणाऱ्या तुकड्यात येईल असं माप घ्या.

माणदेशी

माझा प्रश्न थोडा वेगळा, पण जोडाचाच आहे. आमच्या घरावर पुढच्या मजल्यासाठी म्हणून सोडलेल्या सळ्या दहा वर्षं पावसात उभ्या आहेत. अर्ध्या आईने धुणं वाळत घालायला वाकवल्यात. आता भाऊ मजला चढवतो म्हणतोय. त्यांनाच जोडायचं का?

भिंगरी

महाराष्ट्रातल्या निम्म्या गच्च्यांवरचं हे राष्ट्रीय वाळवण केंद्र आहे :) उत्तर मलाही हवंय.

दादासाहेब_निवृत्त

वरवरचा तांबूस गंज घातक नाही, तारेच्या ब्रशने घासला की जोड नीट धरतो. पापुद्रे सुटत असतील, खड्डे पडले असतील, तर व्यास कमी झालाय. कॅलिपरने मोजा. एक फूट तुकडा कापून वजन करून बघितलं तरी कळतं. मीटरला किती किलो हे व्यासाचा वर्ग भागिले १६२ करून काढता येतं, १६ मिमीला १.५८ किलो. सर्वात वाईट गंज स्लॅबच्या पृष्ठभागाशी असतो, जिथे पाणी साचतं. तिथलं काँक्रीट दोन इंच खरवडून बघा.

वाकलेली सळई एकदा हळू, थंडच, लांब पाइप घालून सरळ करता येते. तडा दिसला की सोडून द्या. आणि आधी कन्सल्टंटकडून जुनं फुटिंग व कॉलम वरचा मजला पेलतात का ते तपासून घ्या, सळ्या नंतर.

ऋतुजा_आरसीसी

सळ्या निकामी निघाल्या तर जुन्या काँक्रीटमध्ये भोक पाडून रसायनाने नवीन सळई बसवतात. त्यात सगळं यश भोक साफ करण्यात आहे. ब्रश, फुंकणी, पुन्हा ब्रश, पुन्हा फुंकणी. आत धूळ राहिली की रसायन धुळीला चिकटतं, काँक्रीटला नाही. खोली किती ते हिशेबाने ठरवायचं आणि थोड्या सळ्या ओढून बघायच्या.

पुढचा मजला लांबणार असेल तर सोडलेल्या सळ्यांना सिमेंटची पातळ राब देऊन वर कमी सिमेंटचं कच्चं काँक्रीट ओतून झाकून ठेवा. फोडायला सोपं जातं आणि सळई टिकते. मोरणाकाठ, हे तुमच्यासाठीही आहे.

मोरणाकाठ

मंडळी, आज साइटवर कन्सल्टंट, ठेकेदार आणि मी, तिघे एकत्र बसलो. दादासाहेबांनी सांगितलेलं चित्र छापून नेलं होतं. ठेकेदारांनी ते बराच वेळ बघितलं आणि पहिला प्रश्न विचारला तो वीटभट्टीदादांचाच, निम्म्या सळ्या कशा बसवायच्या. कन्सल्टंटनी ड्रॉइंगवर लिहून दिलं. दोनच मजले असल्यामुळे निम्म्या सळ्या फुटिंगपासून थेट तळमजल्याच्या स्लॅबच्या वर, पहिल्या मजल्याच्या मध्यापर्यंत न्यायच्या. उरलेल्या निम्म्यांना तळमजल्याच्या मधल्या भागात जोड. तिथे रिंगा १०० मिमीवर, हुक १३५ अंशांचे आणि ६५ मिमी आत गेलेले. पहिल्या मजल्यासाठी सोडलेल्या सळ्या कच्च्या काँक्रीटने झाकायच्या. वेल्डिंगला त्यांनी साफ नकार दिला. चुलते तिथेच होते, टीएमटीचं ऐकून तेही मागे हटले.

ठेकेदार म्हणाले, "लांब सळ्यांना टेके द्यायला दोन माणसं जास्त लागतील, त्यांची मजुरी द्या." मी लगेच हो म्हणालो. उद्यापासून कापायला घेतायत. आता मला फक्त एवढं सांगा की शटर लावण्याआधी मी स्वतः काय काय बघू?

फिटरचा_पोरगा

मीटर टेप घेऊन जा आणि प्रत्येक कॉलमच्या एकेका जोडाला टेप लावून फोटो काढा, आकडा दिसेल असा. जोड प्लिंथपासून किती उंचीवर सुरू होतो ते मोजा. त्या पट्ट्यातल्या रिंगा मोजा, ७८५ मिमीत आठ-नऊ तरी भरल्या पाहिजेत. रिंगांचे हुक एकाच कोपऱ्यात न येता कोपरे बदलत आलेत का बघा. पिंजऱ्याला हाताने धक्का द्या, कव्हर ब्लॉक गळून पडतात का बघा. कोणत्या सळ्या लांब आणि कोणत्या आखूड ते ठेकेदारांकडून रंगाने खूण करून घ्या, नाहीतर वरच्या मजल्यावर गोंधळ होतो.

दादासाहेब_निवृत्त

आणि कॉलम भरताना तिथे हजर राहा. जोडाच्या पट्ट्यात माल पोहोचेपर्यंत व्हायब्रेटर चालू असायला हवा. डिझेल आहे का ते सकाळीच विचारून घ्या.

वीटभट्टी

एक स्पेअर सुई पण ठेवायला सांगा. आमच्याकडे ती नेहमी तिसऱ्या कॉलमला जळते.